उपळेकर अण्णांची दोन हाती चिंच

बसा मंडळी, बसा! देवाचं नाव घेऊन झालं, टाळ थांबले, आता कानांचं काम. मागे खांबाला टेकलेल्यांनी टेकूनच ऐकावं, माझी हरकत नाही. फक्त घोराल तर तालात घोरा — आमच्या तबलजींना त्रास होतो.

आज एक प्रश्न घेऊन आलोय. माणूस केवढा आहे, हे मोजायचं कशानं? सांगा बघू! घराच्या मजल्यांवरून? दारावरच्या पाटीवरून? लग्नपत्रिकेत नाव कितव्या ओळीत छापलंय त्यावरून? — हसू नका, परवाच आमच्या ओळखीतले एक गृहस्थ लग्नाला गेले नाहीत, का, तर ‘प्रेषक’ मंडळींत नाव सातवं होतं! म्हणजे आपल्या मनात एक टेप असतोच. सारखा काढतो, सारखा लावतो. याच्यापेक्षा मी दोन इंच वर, त्याच्यापेक्षा एक इंच खाली. तर तो टेप खरा की खोटा, एवढाच आजचा प्रश्न. आणि त्याचं उत्तर मी तुम्हाला पुराणातून देणार नाही. कऱ्हाडातून देणार आहे.

मंडळी, ऐका. बोन्साय म्हणजे काय, पाहिलंय कुणी? ताटाएवढ्या कुंडीत अख्खा वड! पारंब्यांसकट! आपण मराठीत त्याला वामनवृक्ष म्हणतो. वामन म्हटल्यावर पुढच्या रांगेतल्या आजींनी लगेच हात जोडले, आता बळीराजा येणार, तीन पावलं येणार. नाही आजी, आज त्यांना सुट्टी. आज आपल्याला फक्त झाडं मोजायचीत.

ही विद्या वाढवली जपानच्या लोकांनी. आणि त्यांची गंमत अशी, की त्यांनी झाडांचे वर्ग पाडले ते उचलायला किती हात लागतात यावरून. बोटाच्या पेरावर मावतं ते सगळ्यांत धाकटं. मग तळहातावर बसतं ते. मग एका हातानं उचलतं ते एक हाती. दोन्ही हात लागले की दोन हाती. एकटा माणूस पुरेना, दुसरा बोलवावा लागला, तर चार हाती. मग सहा हाती. आणि सगळ्यांत मोठं, राजवाड्याच्या अंगणात ठेवायचं, ते आठ हाती — चार माणसांनी चार बाजूंनी धरायचं. इंचांची कोष्टकं नंतर आली. सोळापासून छत्तीस इंचांपर्यंत दोन हाती, तीसपासून अठ्ठेचाळीसपर्यंत चार हाती. आता तुमच्यात कुणी हिशेबी असेल तर त्याच्या लक्षात आलं असेल, की तीस ते छत्तीसच्या मधलं झाड दोन्हीकडे बसतं. तिथं टेप गप्प बसतो. तिथं हातच बोलतात.

आणि नेमकं तिथंच आमच्या अण्णांचं झाड अडकलं!

हे अण्णा म्हणजे दिगंबर सखाराम उपळेकर. वय सदुसष्ट. भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार म्हणून चौतीस वर्षं नोकरी. साखळी घेऊन सगळा तालुका मोजला, निवृत्त झाले, साखळी खात्यात जमा केली — पण डोळ्यातली कोण जमा करून घेणार? घरात भाकरी ताटात पडली की आधी गोल आहे का बघायचं. दाराशी रांगोळी काढली की कोन बघायचा. असं सांगतात, की यांच्या स्वतःच्या लग्नात अंतरपाट धरला होता, मंगलाष्टकं चालू होती, आणि नवरदेव भटजींना म्हणाले, डावी बाजू दोन बोटं खाली आलीय! पलीकडे उभ्या असलेल्या कुमुदवहिनींनी त्या दिवशीच ओळखलं, की आपलं काय होणार आहे.

तर अण्णांचं झाड म्हणजे ही चिंच. तिचा जन्म ऐका. वहिनींना लेकीच्या वेळचे डोहाळे लागले होते. डोहाळे कसले, चिंचेचेच. पुढच्या रांगेतल्या बायकांनी आवंढा गिळला, मी पाहिलं! चिंच खाल्ली, चिंचोका परसात एका फुटक्या डब्यात टोचला. रोप आलं. वहिनी रोज तांब्याभर पाणी घालायच्या. तोपर्यंत ते वहिनींचं होतं. पाच वर्षांनी अण्णांचं लक्ष गेलं, खोडाला छान वळण दिसलं, आणि ते त्याच दिवशी अण्णांचं झालं. पाणी घालायचं काम मात्र वहिनींकडेच राहिलं. असं तुमच्याकडे होतं का हो? नाही ना? बरं बरं.

अण्णा त्या झाडाच्या मागे लागले ते मोजणी खात्याच्या निष्ठेनं. पुस्तकात लिहिलं होतं, बुंध्याच्या जाडीच्या सहापट उंची असावी. उंचीच्या एक तृतीयांशावर पहिली फांदी असावी. कुंडी उंचीच्या दोन तृतीयांश लांब, आणि बुंधा जेवढा जाड तेवढीच खोल. देवानं झाडाला सांगितलं होतं, वाढ. अण्णांनी सांगितलं, सव्वाएकतीस इंच वाढ आणि थांब! आणि त्या बिचारीनं ऐकलंसुद्धा. पानं बघाल तर भाताच्या साळीएवढी. पण एक मात्र तिनं ऐकलं नाही. पान लहान करता येतं, फांदी लहान करता येते — फळ लहान होत नाही! हे देवानं आपल्याच हातात ठेवलंय. त्या एवढ्याशा झाडाला दोन चिंचा लागल्या, त्या बाजारात मिळतात तेवढ्या, बोटभर लांब. अण्णा म्हणाले, प्रमाण बिघडतंय, कापून टाकू. तेव्हा वहिनी पहिल्यांदा कुंडीच्या आड उभ्या राहिल्या. चिंचा राहिल्या.

कऱ्हाडात या हौशी लोकांचं एक वामनवृक्ष मंडळ आहे. दर जानेवारीत प्रदर्शन भरतं. त्यांनी जपानचा रिवाज जसाच्या तसा उचललाय. झाड कुठल्या वर्गात, हे दारातच ठरतं. दारापासून टेबलापर्यंत तीस पावलं. मालकानं एकट्यानं, मध्ये न टेकवता नेलं, तर दोन हाती. दुसऱ्या कुणाचा हात लागला तर चार हाती, आणि मग कार्डावर दोघांची नावं. दोन हाती वर्गात अण्णांच्या चिंचेचा पहिला नंबर सलग नऊ वर्षं!

आणि नियम पाळण्यात अण्णा किती कडक? गेल्या वर्षीची गोष्ट. मंडळात तात्या मुळीक म्हणून एक आहेत, भला माणूस, त्यांची बोगनवेल. तात्या उंबऱ्यावर जरा अडखळले, तर त्यांच्या सुनेनं पटकन कुंडीला एक बोट लावलं. एक बोट! अण्णा खुर्चीवरून उठले. म्हणाले, स्पर्श झाला. एकच हात लागला, म्हणजे एकूण हात तीन झाले. आणि तीन हाती असा वर्ग नाही, तेव्हा झाड बाद. लेखी हरकत दिली, तीन प्रतींत! बोगनवेल परत टेम्पोत गेली. तात्यांची सून रडली. त्या दिवसापासून मंडळात कुणाचंही झाड आत येऊ लागलं, की बाकीचे सगळे हात पाठीमागे बांधून उभे राहतात. उगाच लागायला नको!

(कदमबुवा, जरा पेटी द्या. ही साकी माझीच आहे, तेव्हा सांभाळून घ्या.)

टेप लाविला खोडा फांदी, इंचइंच मोजियली ।
पाणी देत्या हातांची परि गणती नाही केली ॥

तर आलं पुढचं वर्ष. झाडाची उंची तेवढीच, सव्वाएकतीस. पण अण्णांचं वय नाही ना तेवढंच! गुडघा बोलायला लागला. डाव्या मनगटात कळ येऊ लागली. प्रदर्शनाच्या पंधरा दिवस आधी अण्णांनी परसात गुपचूप तालीम केली. कुंडी उचलली, नऊ पावलं गेले, आणि कट्ट्यावर टेकवली. पुन्हा उचलली, अकरा पावलं. मंडळी, अण्णा घाबरले. खरंच घाबरले. नंबर जाईल याचं एवढं नव्हतं. पण दुसऱ्या कुणाला ‘जरा धरता का’ म्हणायचं, हे त्या माणसाला आयुष्यात कधी जमलं नव्हतं. चौतीस वर्षं साखळीचं पलीकडचं टोक धरणारा शिपाई सरकारनं दिला होता, त्यामुळे विनंती करायची सवयच नाही! आणि कार्डावर दुसरं नाव लिहायचं म्हणजे, त्यांच्या मते, आपण निम्मे झालो.

मग अण्णांनी मोजणीदाराचं डोकं चालवलं. वजनकाटा आणला. पाणी घातलेली कुंडी तेहतीस किलो. म्हणाले, यात झाड किती आणि पाणी किती? माती पूर्ण वाळली तर सहा किलो उतरतील! सत्तावीस किलो आपण सहज नेऊ. आणि त्यांनी वहिनींना सांगितलं, आजपासून प्रदर्शनापर्यंत चिंचेला पाणी बंद. एक थेंब नाही.

आता हसताय? अहो, झाडांच्या पायी आयुष्य घातलेला माणूस हा! दुसऱ्यांच्या घरी जाऊन सांगायचा, बोन्सायला दोन दिवस पाणी चुकवू नका, मुळं जातात. ताटाएवढ्या मातीत पाणी राहणार तरी किती? सगळं ठाऊक होतं. पण अहंकार डोक्यात शिरला, की पहिल्यांदा माणसाला जे पाठ असतं तेच तो विसरतो.

चौथ्या दिवशी चिंचेनं पानं मिटली. चिंच रात्री पानं मिटते हे तुम्हाला माहीत आहे. ही भर दुपारी मिटून बसली. सहाव्या दिवशी पिवळी पानं गळायला लागली. वहिनी येता-जाता बघायच्या. एकदा म्हणाल्या, अहो, ही जाईल. अण्णा म्हणाले, चिंच काटक असते, आणि अजून दोनच दिवस आहेत. शिवाय वजन साडेसत्तावीसवर आलंय, हेही सांगितलं. वहिनी स्वयंपाकघरात गेल्या. त्या भांडल्या नाहीत, मंडळी. बाई भांडते तोवर पुरुषानं निर्धास्त असावं. ती गप्प झाली की मग सावध व्हावं!

प्रदर्शनाचा दिवस. पहाटे अण्णा आंघोळीला गेले, आत स्तोत्र चालू झालं. अण्णांचं स्तोत्र बारा मिनिटांचं, तेही मोजलेलं. वहिनींनी काय करावं? त्यांनी कळशी उचलली आणि परसात गेल्या. हळूहळू, धार मुळाशी धरून, सगळी कळशी ओतली. माती गटागटा प्यायली. आणखी अर्धी कळशी आणली, तीही ओतली. खालून पाणी ठिबकायला लागलं ते पुसून घेतलं. मग वरून मूठभर कोरडी माती भुरभुरली, आणि झाडाला प्रवासात पांघरायचं नेहमीचं जुनं पांढरं धोतर वरून घातलं. अण्णा बाहेर आले तेव्हा वहिनी चहा गाळत होत्या.

घरून टेम्पोत दोघा हमालांनी कुंडी चढवली. ते नियमात बसतं हं, नियम दाराच्या आतला आहे! अण्णा मागे उभं राहून सूचना देत होते.

सभागृहात मी होतो. मला नारळ फोडायला बोलावलं होतं, म्हणून हे मी ऐकीव सांगत नाही. मंडळाच्या अध्यक्ष निकमबाई, निवृत्त मुख्याध्यापिका, दाराशी वही घेऊन उभ्या. नाव पुकारलं. अण्णांनी बाह्या सारल्या, वाकले, उचललं. आणि मी त्यांचा चेहरा पाहिला. काहीतरी चुकलंय, हे त्यांना तिथंच कळलं. पण आता सगळं सभागृह बघतंय! निघाले. निकमबाई पावलं मोजतायत. पाच. सात. दहाव्याला मान आखडली. चौदाव्याला ओठ दाबले. अठराव्याला डावा गुडघा वाकला, आणि एकोणिसाव्या पावलावर अण्णा थांबले.

पुढे जाता येईना. खाली ठेवता येईना, कारण आता वाकले तर झाडासकट आडवेच होणार. झाडावरच्या धोतराखाली फांद्या हलायला लागल्या. आणि सभागृहात चाळीस माणसं, चाळीसही जणांचे हात पाठीमागे बांधलेले! प्रत्येकाला पुढे व्हावंसं वाटतंय, पण हरकतीच्या त्या तीन प्रती सगळ्यांना आठवतायत. अण्णांनीच शिकवलं होतं त्यांना. सगळ्यांत जवळ कोण उभे? तात्या मुळीक! तात्यांनी हात पाठीमागून काढले, पण लावले नाहीत. हळूच म्हणाले, “अण्णा, नुसतं म्हणा. म्हटल्याशिवाय आम्ही हात लावणार नाही, तुमचाच नियम आहे.”

मंडळी, त्या क्षणी काय पणाला लागलं होतं? चौतीस वर्षांचं झाड एका बाजूला. आणि दुसऱ्या बाजूला दोन शब्द. बघा हं, त्या माणसाला तेहतीस किलो उचलवले, ते दोन शब्द उचलवेनात! कपाळावरून घाम डोळ्यात गेला, तो पुसायलाही हात मोकळा नाही. कुंडीची एक कड बोटभर खाली आली. वहिनी मागे तीन पावलांवर उभ्या होत्या, पदर खोचून. अण्णांनी मान वळवली.

“कुमुद,” ते म्हणाले, “हात दे.”

चाळीस वर्षांच्या संसारात चारचौघांत नावानं हाक मारल्याची ही पहिली वेळ. एरवी ‘अगं’ आणि ‘ऐकलंस का’. वहिनी पुढे आल्या. पण लगेच हात लावतील तर त्या कसल्या! आधी विचारलं, “वर्ग बदलेल, चालेल ना?”

“बदलू दे. पडेल गं ती.”

‘ती’ म्हणाले. आजवर ‘नमुना’ म्हणायचे. वहिनींनी दुसऱ्या बाजूनं कुंडीखाली हात घातले, आणि दोघं निघाले. उरलेली अकरा पावलं. अण्णांचं पाऊल लांब, वहिनींचं आखूड, त्यामुळे झाड जरा तिरकं चाललं. पण चाललं! टेबलावर टेकलं, तेव्हा चाळीस माणसांनी पाठीमागचे हात पुढे घेतले आणि एकदम टाळ्या. मीही वाजवल्या, हातातला नारळ बगलेत धरून.

टाळ्या ओसरल्यावर वहिनी शांतपणे म्हणाल्या, “पहाटे मीच पाणी घातलं तिला.”

आता भडका उडणार, असं आम्हा सगळ्यांना वाटलं. अण्णा त्यांच्याकडे वळले. मग विचारलं, “किती?”

“दीड कळशी.”

मोजणीदाराचं समाधान झालं! त्यांनी झाडावरचं धोतर काढलं. आणि बघतात तर काय, चार दिवस मिटलेली पानं उघडली होती. सगळी नाही, काही फांद्या ओक्याबोक्या झाल्या होत्या, एक तर वाळून गेली होती. पण जी उरली होती, ती हिरवीगार उघडली होती, आणि त्यात त्या दोन चिंचा. अण्णांनी वाळक्या फांदीवरून बोट फिरवलं. त्यांना लाज वाटली, मंडळी, आणि ती त्यांनी लपवली नाही. सगळ्यांसमोर म्हणाले, “मी हिला मारत होतो.” डोळ्यांत पाणी आलं, ते न मोजता वाहू दिलं.

निकमबाईंनी कार्ड पुढे केलं. चार हाती वर्ग, दोन नावं लिहा. अण्णांनी पहिलं नाव लिहिलं, कुमुद दिगंबर उपळेकर. खाली आपलं. मालकाच्या रकान्याशी आल्यावर पेन थांबलं. मग त्या जन्मजात मोजणीदारानं जमिनीच्या उताऱ्यावर लिहितात तोच शब्द लिहिला — ‘सामाईक’! आणि तिथंच उभ्या उभ्या दुसरा कागद मागितला, आणि गेल्या वर्षीची बोगनवेलीवरची हरकत मागे घेतली. तीन प्रतींत. एक प्रत तात्यांना दिली, एक निकमबाईंना, आणि तिसरी तात्यांच्या सुनेच्या हातात दिली आणि तिला नमस्कार केला.

नंबर आला का? आला की! तिसरा. वर्गात झाडं किती होती? तीन! चार हाती वर्गात समोर दोन दांडगे वड, त्यांच्यापुढे आमची चिंच म्हणजे पाहुणी आल्यासारखी. प्रमाणसुद्धा बिघडलेलं, एक फांदी गेलेली. पण अण्णा त्या दिवशी दोन तास टेबलाशी उभे होते, आणि येईल त्याला झाडाची उंची सांगत नव्हते. डोहाळ्यांची गोष्ट सांगत होते. चुकत होते, वहिनी दुरुस्त करत होत्या.

आता तुमच्याकडे वळतो. उठायची घाई करू नका, चपला कुठे जात नाहीत.

माणूस केवढा, हे मोजायचं कशानं? झाडानं सांगितलं तुम्हाला. इंचांनी नाही. आपल्याखाली किती हात आहेत, त्यावरून! आणि आपण काय करतो? हात कमी दिसावेत म्हणून धडपडतो. मी माझ्या हिमतीवर. मी एकट्यानं. मला कुणाची गरज नाही. आणि तो एकटेपणा टिकवायला आतल्या आत काय काय वाळवतो! बोलणं वाळवतो, येणं-जाणं वाळवतो, घरातल्या माणसाची माया वाळवतो — वजन कमी भरावं म्हणून! तुम्हालाच सांगतोय असं समजू नका. बाहेरच्या फळ्यावर काय लिहिलंय? कीर्तन, आणि खाली माझं एकट्याचं नाव. मोजा बरं. पेटीला कदमबुवांचे दोन, तबल्याला दोन, झांजेला दोन, माझे दोन. हे कीर्तन आठ हाती आहे, आणि मी आजवर दोन हाती म्हणून नंबर घेत आलो.

बघा, आपण या जगात आलो ते कुणाच्या तरी दोन हातांत. आणि जाताना? चार खांदेकरी म्हणजे हात किती? आठ! राजवाड्याच्या अंगणातला वर्ग, तोही सगळ्यांना, गरीब-श्रीमंत न बघता! त्या दिवशी ‘कुणी हात लावू नका, मी माझा एकटा जातो’ असं म्हणणारा एक माणूस मला दाखवा. मी हे उपरणं त्याच्या पायाशी ठेवीन आणि कीर्तन सोडून देईन. ते आठ हात तेव्हा मागून मिळत नसतात हो. ते आत्ता, तोंड उघडून, नावानं हाक मारून जमवावे लागतात. आज घरी गेल्यावर एकदा तेवढं करा. जड काही नसलं तरी करा.

देव तुम्हाला हात देवो, आणि हात मागायची बुद्धी देवो. बोलूया सगळे, जय जय जगदीश!

आणि हे बघा, प्रसादाची ती मोठी परात आत गाभाऱ्याशी आहे. दरवर्षी मी एकटाच ओढत आणतो आणि दरवर्षी कंबर धरून बसतो. अहो खांबाजवळचे, तुम्ही, घोरणारे — नाव काय तुमचं? बाबूराव? बाबूराव, या. जरा हात द्या.